दारी हत्ती झुलतो, पण…

पत्राचा सारांश: मी 46 वर्षांचा. विमा आणि गुंतवणुकीचा सल्ला देणं हा माझा व्यवसाय. चार वर्षांपूर्वी 2013 ची बीएमडब्ल्यू, पाच मालिकेतली 520डी, सेकंडहँड घेतली. नव्या छोट्या गाडीच्या किमतीत मिळाली. कॉलेजपासूनची इच्छा होती. पहिलं वर्ष हवेत गेलं. मग टायर झाले, पुढच्या चाकांचे आर्म (चाकं गाडीला जोडणारे दांडे) झाले, बॅटरी झाली. गेल्या महिन्यात डीपीएफचा, म्हणजे धुराच्या जाळीचा दिवा लागला. गॅरेजवाल्यानं मशीन लावून जाळी साफ करून दिली आणि दिवा विझला. पण तो म्हणाला, ‘पुन्हा भरली तर बदलावीच लागेल.’ त्यानं सांगितलेला आकडा आमच्या चार महिन्यांच्या घरखर्चाएवढा आहे. माझं ऑफिस घरापासून पाच किलोमीटरवर. बायकोला मी प्रत्येक बिल निम्मं करून सांगत आलो आहे. खरी बिलं ऑफिसच्या खणात आहेत. ओळखीचा एजंट म्हणतो, दिवा विझलाय तोवर विकून मोकळे व्हा, घेणाऱ्याला काही सांगत बसू नका. पण विकून लहान गाडी घेतली तर क्लायंटना वाटेल याचं काही खरं नाही. मेहुणा विचारेल, ‘फिटली का हौस?’ शंभर वर्षांचं जर्मन नाव आणि माझ्याच नशिबी असं का? ठेवू की विकू?

नमस्कार,

आधी एक कबुली. गाड्यांचं वेड आमच्या घरात मला आहे. नवऱ्याला स्टेपनी कुठे असते ते आजही विचारावं लागतं. त्यामुळे तुमचं पत्र हातात पडल्यावर ‘नवरा-बायको’च्या गठ्ठ्यात टाकू की ‘पैसा’च्या, हे ठरवायच्या आधी मी त्यातल्या गाडीकडेच बघत बसले. तेव्हा थोडं लांबण लागेल, सांभाळून घ्या.

तुमचं ‘शंभर वर्षांचं नाव’ घेऊनच सुरुवात करते. तुमची निम्मी अडचण त्या नावाशी बांधलेली आहे. तुम्हाला वाटतं, एवढं मोठं नाव दारात आलं आणि आपल्याला पेललं नाही. पण या नावाला स्वतःला किती वेळा काय काय पेललं नाही, ते बघा.

कंपनीला बीएमडब्ल्यू हे नाव मिळालं 1917 मध्ये, म्युनिकला. काम होतं विमानांची इंजिनं बनवायचं. तुमच्या बॉनेटवरचं निळं-पांढरं चक्र म्हणजे फिरणारा पंखा, असं तुम्हाला कुणीतरी सांगितलंच असेल. ते खरं नाही. ते बव्हेरिया प्रांताचे रंग आहेत. राज्याचं चिन्ह व्यापारी मुद्रेत वापरायला तेव्हा मनाई होती म्हणून त्यांचा क्रम उलटा केला, एवढंच. पंख्याची गोष्ट आली ती 1929 च्या एका जाहिरातीतून. त्यात विमानाच्या फिरत्या पंख्यात हे चिन्ह दाखवलं होतं. गोष्ट चांगली होती, चिकटली. कंपनीनंही ती पुसायची घाई केली नाही. नावाभोवतीचं तेज बऱ्याचदा असं मागाहून चढवलेलं असतं.

पहिलं महायुद्ध संपलं, व्हर्सायच्या तहानं जर्मनीत विमानाची इंजिनं बनवायला बंदी आली आणि हे कारागीर रेल्वेचे ब्रेक बनवायला लागले. 1923 मध्ये आर32 ही मोटरसायकल काढली. मोटारगाडीच्या धंद्यात आले 1928 मध्ये आयझेनाख या जर्मन शहरातला कारखाना विकत घेऊन. तिथे बनत होती डिक्सी नावाची चिमुकली गाडी, तीही ऑस्टिन सेव्हन या इंग्लिश गाडीची परवाना घेऊन केलेली आवृत्ती. म्हणजे या घराण्याची पहिली मोटार परक्याच्या आराखड्यावरची आणि अगदी लहान. दुसऱ्या महायुद्धात त्यांच्या कारखान्यांत छळछावण्यांतल्या कैद्यांना आणि सक्तीनं आणलेल्या मजुरांना राबवलं गेलं. नावाचा जयजयकार करताना हे पान कुणी उलटून पुढे जाऊ नये. युद्धानंतर आयझेनाख रशियन ताब्यात गेलं आणि म्युनिकमध्ये काही काळ ॲल्युमिनियमची भांडीकुंडी बनवून दिवस काढले. हो, पातेली आणि तवे.

आता जो भाग मला तुम्हाला मुद्दाम सांगायचा आहे, तो पुढचा. पोटापुरतं मिळायला लागल्यावर कंपनीला पुन्हा थाटाची गाडी काढायची हुक्की आली. 1951 मध्ये 501 दाखवली. गोल गरगरीत अंगाची, लोकांनी तिला ‘बारोक देवदूत’ असं नाव ठेवलं. मग तिच्यात व्ही8 इंजिन घालून 502 केली. मग 507, दोन माणसांची उघडी स्पोर्ट्स गाडी, आजही तिच्या फोटोवरून नजर हटत नाही. किती विकल्या? जेमतेम 252. बनवायचा खर्च इतका की गाडीगणिक नुकसान. दारी हत्ती झुलत होता आणि आत घराचे वासे फिरले होते.

घर चाललं कशावर? इझेटावर. इसो नावाच्या इटालियन कंपनीकडून परवाना घेऊन 1955 पासून बनवलेली अंड्याच्या आकाराची गाडी. एक सिलिंडर, मोटरसायकलचं जेमतेम 250 सीसीचं इंजिन, 12 अश्वशक्ती. दार एकच, तेही समोर. फ्रिजचं दार उघडावं तसं सगळं तोंडच उघडायचं आणि त्याला जोडलेलं स्टिअरिंगही बाहेर झुलायचं. दीड लाखाहून जास्त विकल्या गेल्या.

तरी खड्डा भरेना. 9 डिसेंबर 1959 ला म्युनिकला भागधारकांची सभा भरली. ठराव असा, की कंपनी डायम्लर-बेंझच्या, म्हणजे मर्सिडीजवाल्यांच्या घशात घालायची. छोटे भागधारक आणि डीलर अडून बसले. त्यांच्या बाजूच्या वकिलानं ताळेबंदातली चूक काढली. नव्या 700 या गाडीच्या विकासाचा सगळा खर्च एकाच वर्षात मांडला होता, त्यामुळे तोटा होता त्याहून भयंकर दिसत होता. ठराव बारगळला. मग हर्बर्ट क्वांट या उद्योगपतींनी पैसा घातला. ती 700 चांगली चालली (लहानच गाडी, इंजिन पुन्हा मोटरसायकलचंच). 1961 मध्ये 1500 आली आणि गाडं रुळावर आलं. तुमची पाच मालिका सुरू झाली 1972 मध्ये.

हे सगळं सांगितलं ते एवढ्यासाठी, की ज्या नावापुढे लहान गाडीत बसायची तुम्हाला लाज वाटते, ते नाव लहान गाडीनंच जगवलं. इझेटा त्यांनी माळ्यावर लपवलेली नाही. म्युनिकच्या संग्रहालयात दिमाखात उभी आहे.

आता ‘माझ्याच नशिबी का’ याकडे वळू. इथे मी तुमची बाजू घेणार नाही.

तुमची गाडी डिझेल, ऑफिस पाच किलोमीटर. जाळीचं काम कसं चालतं ते गॅरेजवाल्यानं बहुधा सांगितलं नसेल. डिझेलच्या धुरातली काजळी ही जाळी अडवते. भरत आली की गाडी आपली आपण ती जाळते. त्यासाठी इंजिन थोडं जादा डिझेल सोडून धूर तापवतं, जाळीत साधारण 600 अंश सेल्सियसच्या आसपास उष्णता व्हावी लागते आणि एका चालीनं पंधरा-वीस मिनिटं गाडी पळावी लागते. तुमचा प्रवास तेवढ्यात संपलेला असतो. इंजिन नीट तापायच्या आधी तुम्ही ते बंद करता. संध्याकाळी पुन्हा तेच. चार वर्षं, रोज दोनदा. जळायला सुरुवात झाली की तुम्ही ऑफिसच्या दारात. अर्धवट राहिलेल्या प्रत्येक खेपेला जादा सोडलेल्या डिझेलपैकी थोडं सिलिंडरच्या भिंतीवरून खाली ऑइलमध्ये उतरतं आणि ऑइल पातळ होतं. पातळ ऑइल इंजिनातल्या साखळीला, हवा कोंबणाऱ्या टर्बोला, सगळ्यालाच वाईट.

ही गाडी ज्या देशात घडली तिथे ऑटोबानवर, म्हणजे तिथल्या महामार्गांवर, तासन् तास एका वेगानं जाणं ही तिची नेहमीची चाल. तुम्ही शर्यतीचा घोडा आणला आणि त्याला घाण्याला जुंपलं. दोष ना घोड्याचा, ना घाण्याचा. जोडी चुकली. हीच गाडी पेट्रोलवरची असती किंवा तुमचं ऑफिस चाळीस किलोमीटरवर असतं, तर हे पत्र तुम्ही कदाचित लिहिलंच नसतं.

म्हणून चार महिन्यांचा घरखर्च मोजायच्या आधी गॅरेजवाल्याला तीन गोष्टी विचारा. एक, जाळीत काजळी किती आणि राख किती? काजळी जळते. राख म्हणजे जळलेल्या ऑइलमधल्या रसायनांचा साका, ती जळत नाही, साठतच जाते. स्कॅनरवर दोन्हींचा अंदाज दिसतो. राख कमी असेल तर जाळी मेलेली नाही. राख जास्त असेल तरी जाळी काढून बाहेर धुऊन घेण्याची सोय असते, नवीनच हवी असं नाही. दोन, इंजिन चालताना कूलंटचं, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याचं, तापमान किती अंशांवर स्थिरावतं? थर्मोस्टॅट, म्हणजे त्या पाण्याची वाट उघडणारी-बंद करणारी झडप, उघडाच अडकला असेल तर इंजिन गारठलेलंच राहतं, आणि पुरेसं तापलं नाही तर गाडी जाळी जाळायला घेतच नाही. थर्मोस्टॅट हा त्या मानानं किरकोळ सुटा भाग, पण तो न बदलता नवी जाळी बसवली तर तीही वर्षा-दोन वर्षांत तुंबेल. तीन, जाळीच्या अलीकडचा-पलीकडचा दाब मोजणारा सेन्सर आणि त्याच्या नळ्या तपासल्या का? सेन्सर खोटं बोलला तरी दिवा खरा लागतो.

या तीन प्रश्नांवर गॅरेजवाला चिडला तर गॅरेज बदला. चांगला मिस्त्री अशा प्रश्नांनी खूश होतो, निदान मला भेटलेले झाले.

बाकीची बिलं जी निघाली, तीही शापाची नाहीत. टायर झिजतात, आर्मची रबरं कडकतात, बॅटरी मरते. तुम्ही धरून बसलात ती चूक वेगळीच आहे. ती जवळजवळ सगळेच करतात, म्हणून इतर वाचकांनीही इथे कान द्यावा. मोठी सेडान आठ वर्षांत लहान गाडीच्या किमतीला येते. पण तिचे सुटे भाग लहान गाडीच्या किमतीला येत नाहीत. ते मोठ्या गाडीचेच राहतात. गाडीची किंमत घसरते, तिची भूक घसरत नाही. तुम्ही विकत घेताना छोट्या गाडीचा हिशेब केलात आणि पोसायला मोठी गाडी घरी आणलीत.

भूक थोडी आवरता येते. कंपनीच्या डब्यातले बरेच भाग मुळात दुसऱ्याच कारखान्यांत बनतात. आर्म लेमफॉर्डरचे, गिअरबॉक्स झेडएफचा, डिझेलचं इंजेक्शन बॉशचं. तोच माल त्या कारखान्याच्या स्वतःच्या खोक्यात, निळ्या-पांढऱ्या चक्राशिवाय, बराच स्वस्त मिळतो. नकली मालाबद्दल मी बोलत नाहीये, ते आणि हे वेगळं. तुमचं आर्मचं बिल काढून बघा, खोकं कोणतं होतं ते.

बॅटरी बदलली तेव्हा नव्या बॅटरीची नोंद गाडीच्या कॉम्प्युटरमध्ये केली का, हेही विचारा. ही गाडी बॅटरीच्या वयानुसार चार्जिंग करते. नोंद केली नाही तर नव्या बॅटरीला म्हाताऱ्या बॅटरीची वागणूक मिळते आणि ती लवकर म्हातारी होते. तुमच्या बॅटरीचं वय पत्रात नाही, म्हणून हे अंधारात मारलेला दगड समजा.

मग ठेवायची की विकायची? इथे त्याच कंपनीची आणखी एक गोष्ट उपयोगी पडते. 1994 मध्ये त्यांनी इंग्लंडची रोव्हर ही कंपनी 80 कोटी पौंडांना विकत घेतली. सहा वर्षं तिच्यात पैसा ओतला, तोटा वाढतच गेला, प्रमुखाची खुर्ची गेली. 2000 मध्ये लँड रोव्हर फोर्डला दिली, मिनी तेवढी स्वतःकडे ठेवली आणि रोव्हर विकली दहा पौंडांना. दहा कोटी नव्हे, दहा. त्या सहा वर्षांत म्युनिकच्या एखाद्या बैठकीत कुणीतरी नक्की म्हटलं असेल, ‘इतके घातले, आता थोडे आणखी घालून बघू.’ तुम्हीही गेली दोन वर्षं हेच म्हणताय. घातलेले गेले. ते गाडी ठेवून परत येणार नाहीत आणि विकूनही येणार नाहीत. तेव्हा ‘आतापर्यंत एवढा खर्च केला’ हे वाक्य या हिशेबातून काढून टाका. वहीत फक्त पुढच्या दोन वर्षांचं पान उघडा.

त्या पानावर डाव्या बाजूला ही गाडी ठेवण्याचा खर्च लिहा. जाळीचं जे काय निघेल ते. विमा. टायरचा एक जोड. रनफ्लॅट, म्हणजे पंक्चर झाल्यावरही थोडं अंतर चालणारे, असतील तर ते महाग असतात आणि पंक्चर झालं की बहुतेक दुकानं दुरुस्तीला हात लावत नाहीत. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल. ते ‘आयुष्यभराचं’ आहे असं तुम्हाला सांगतील, पण गिअरबॉक्स बनवणारी झेडएफच ते साधारण 80,000 ते 1,20,000 किलोमीटरच्या दरम्यान बदला म्हणते. इंजिन ऑइल, डॅशबोर्ड 30,000 किलोमीटरपर्यंत गप्प बसतो, तुम्ही मात्र त्याच्या निम्म्यावर बदला, तुमच्या वापराला तर त्याहूनही आधी. आणि एक रक्कम नाव न घालता ठेवा. या वर्गातली गाडी नाव न घातलेली बिलं आणतेच. उजव्या बाजूला आज विकून जे येतील ते आणि एका साध्या पेट्रोल गाडीचा दोन वर्षांचा खर्च. मग दोन्ही बेरजा बघा.

माझा अंदाज विचाराल तर पाच किलोमीटरच्या माणसानं ही गाडी विकावी. जाळी वाचली तरी विकावी. तुमचा रस्ता बदलणार नाही, म्हणजे आजार परत येणार. एकच अपवाद करीन. आठवड्यातून एकदा तरी तुमचं लांब जाणं होत असेल, तासभर तरी मोकळ्या रस्त्यानं, आणि रोजच्या ऑफिसला स्कूटर चालत असेल, तर थर्मोस्टॅट नीट करून ही गाडी आणखी काही वर्षं सुखानं वापरता येईल. डावी बेरीज थोडी जास्त आली तरी हौसेला मोल नसतं हे मलाही मान्य आहे. फक्त त्या हौसेचं खरं बिल घरात सगळ्यांना माहीत हवं. त्याच्याकडे येतेच आहे.

आधी तो एजंट. दिवा विझलाय तोवर विका, काही सांगू नका, हा सल्ला ऐकू नका. तुमचा धंदा काय? लोकांना विम्याचा फॉर्म भरताना आजार लपवू नका असं सांगायचा. जाळी पुन्हा भरत आली की दिवा लागणारच, घेणाऱ्याला दोन महिन्यांत कळणार आणि तो तुमचा पत्ता शोधत येणार. उलट साफ सांगून विका. जाळीचे आकडे, झालेल्या कामांची बिलं, बदललेल्या भागांची यादी, सगळं पुढ्यात ठेवा आणि म्हणा, ही गाडी लांब पल्ल्याची आहे, माझा पल्ला लांब नाही. रोज साठ-सत्तर किलोमीटर जाणारा माणूस शोधा. त्याला हीच गाडी वरदान आहे. किंमत थोडी कमी येईल. पण पूर्ण बिलं असलेली जुनी जर्मन गाडी इतकी क्वचित मिळते की जाणकार त्याचेही पैसे मोजतो. ज्या बिलांना तुम्ही खणात कोंडलंय, तीच विकताना तुमच्या कामाची आहेत. हे बघून मला पत्र वाचताना हसू आलं, माफ करा.

विकण्याआधी किंवा ठेवण्याआधी, दोन्ही वेळा, एक काम फुकट होण्यासारखं आहे. 2018 मध्ये ईजीआर कूलरमधून, म्हणजे इंजिनात परत जाणारा धूर थंड करणाऱ्या भागातून, कूलंट गळून आगीचा धोका असल्यामुळे कंपनीनं जगभरातल्या सुमारे 16 लाख डिझेल गाड्या तपासणीला परत बोलावल्या होत्या. तुमच्या गाडीचा 17 आकडी-अक्षरी चॅसिस नंबर अधिकृत सर्व्हिस केंद्रात द्या. तुमची गाडी त्यात होती का आणि असल्यास काम झालं का, ते सांगतील. सेकंडहँड गाडीत आधीच्या मालकानं ते केलं असेलच असं धरून चालू नका.

आता क्लायंट. तुम्ही लिहिता की गाडी बघून लोक विश्वास ठेवतात. असेल. पण एक उलटं चित्र डोळ्यांपुढे आणा. समजा तुमचाच एखादा क्लायंट तुमच्याकडे आला आणि म्हणाला, ‘माझ्याकडे एक मालमत्ता आहे, किंमत दरवर्षी घसरते, देखभाल वाढते, मला तिचा पूर्ण उपयोग होत नाही, पण विकली तर लोक काय म्हणतील?’ त्याला तुम्ही काय सल्ला द्याल ते मला इथून ऐकू येतंय. आणि पैशाचं काम करणाऱ्या माणसानं हिशेब बसत नाही म्हणून गाडी विकली, यानं ज्याचा विश्वास उडेल, असा क्लायंट तुम्हाला पुढेही त्रासच देईल. जो कुणी विचारेल त्याला खरं कारण सांगा. ‘डिझेल होती, माझं जाणं-येणं पाच किलोमीटरचं, जाळी तुंबत होती.’ हे कारण इतकं कंटाळवाणं आहे की पुढचा प्रश्न कुणी विचारत नाही.

मेहुण्याला ‘हो, फिटली’ म्हणा. खरंच फिटली ना? चार वर्षं चालवलीत. कॉलेजात बघितलेलं स्वप्न दारात उभं केलंत, मागच्या चाकांवर जोर घेऊन ती वळणातून कशी निघते ते हातांना कळलं. ही काही वाया गेलेली वर्षं नव्हेत. हौस फिटली म्हणजे पुरी झाली. मेहुणा टोमण्यात म्हणतो म्हणून त्या शब्दाचा अर्थ बदलत नाही.

यानंतर राहते ती निम्म्या बिलांची गोष्ट. पत्रात तुम्ही ती एका ओळीत उरकलीत, मीही फार लांबवणार नाही. तुम्ही खोटं बोललात ते बायकोला फसवायला असं मला वाटत नाही. तिनं ‘मी म्हटलं नव्हतं?’ असं म्हणू नये म्हणून. झाकली मूठ सव्वा लाखाची, पण ही मूठ तुम्ही घरातल्याच माणसासमोर झाकून बसलाय, आणि आता जे ठरवायचंय ते दोघांच्या पैशाचं आहे. अर्धे आकडे घेऊन तिनं काय सल्ला द्यावा? तिच्या हिशेबात ही गाडी परवडते. उद्या विकायचं म्हणालात तर ती म्हणेल, राहू दे की, एवढा काही खर्च नाही. मग तुम्ही काय सांगणार?

सांगताना गाडीची बाजू मांडू नका आणि स्वतःचीही नको. बिलं तारखेनं लावा, खाली खरी बेरीज लिहा, वही शेजारी ठेवा. ती रागावेल. रागवू द्या. आकड्यांपेक्षा तिला लपवण्याचा राग येईल आणि तो एका संध्याकाळीत जाणार नाही. पण निर्णयाचं पान तिच्यासोबत भरा, विकायची की ठेवायची हे तिनंही त्या बेरजेकडे बघून म्हणू दे. कोण जाणे, ती ‘ठेवू’ म्हणेल. अशी पत्रंही माझ्याकडे येतात.

जे अजून घ्यायच्या विचारात आहेत, त्यांच्यासाठी दोन गोष्टी राहिल्या. गाडी बघायला जाल तेव्हा आदल्या रात्रीपासून थंड राहिलेलं इंजिन स्वतः सुरू करा. मालकानं आधीच गरम करून ठेवलं असेल तर दुसऱ्या दिवशी परत जा. 2007 पासून आलेल्या एन47 डिझेल इंजिनांत टायमिंगची, म्हणजे झडपांची वेळ सांभाळणारी, साखळी मागच्या बाजूला, गिअरबॉक्सकडे आहे. सुरुवातीच्या वर्षांच्या गाड्यांत तिच्या तक्रारी गाजल्या. बदलायची तर गिअरबॉक्स किंवा इंजिन उतरवावं लागतं, आणि तुटली तर इंजिनच जातं. मागच्या बाजूनं घासल्यासारखी खरखर ऐकू आली तर गाडी कितीही चकचकीत असो, तिथूनच नमस्कार करा. आणि दुसरं, किंमत ठरवायच्या आधी स्वतःचा रोजचा रस्ता किती लांब आहे ते बघा. कागदावर किलोमीटर लिहा. पाच-सहा असेल तर डिझेलच्या जाहिराती वाचायच्याच बंद करा.

तुमच्याकडे परत येते. बिलं ऑफिसच्या खणात आहेत असं लिहिलंय. आज संध्याकाळी ती पिशवीत घालून घरी न्या. नेहमीच्या रस्त्यानं जाऊ नका. गाव ओलांडून मोकळ्या रस्त्याला लागा, अर्धा तास एका चालीनं चालवा आणि मग घरी वळा. काय बोलायचं ते तेवढ्यात सुचेल, आणि जाळीही थोडी मोकळी होईल.